पिठामिठाचे पैसे कोण देणार? सातारा-सांगलीच्या देणगीदारांना खुलं पत्र

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील साखर कारखान्यांचे संचालक, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) अधिकारी, व्यापारी व बागायतदार मंडळी, आणि पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहून गावाकडे पैसे पाठवणारे सर्व देणगीदार यांना,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत राहते आणि लहान संस्थांचे हिशेब लिहिते. कीर्द-खतावणी, पावतीपुस्तकं, ऑडिटची तयारी, धर्मादाय कार्यालयातले बदल अर्ज, वार्षिक सभेची इतिवृत्तं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. दोन्ही जिल्ह्यांतल्या नव्या संस्था उभ्या राहताना मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडतानाही पाहिल्या. त्यांच्यात कामचुकार फार थोडे होते. बहुतेकांचं काम चांगलं चाललं होतं, पण घरचं खाऊन काम करणारी माणसं थकली. म्हणून हे पत्र.

विनंती आधीच सांगून टाकते. नव्या संस्थेला तिच्या पहिल्या तीन वर्षांत पैसे द्या, आणि ते रोजच्या खर्चाला द्या. पगार, भाडं, एसटीचं तिकीट, वीजबिल, मुलांच्या जेवणाचा शिधा. हिशेब पै-पैचा मागा, दर तीन महिन्यांनी मागा. कामाचा निकाल मात्र तीन वर्षांनंतर विचारा.

सध्या बरोबर उलटं चालतं. तुमच्याकडे अर्ज करायचा तर तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद लागतात, आयकर सवलतीची १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रं लागतात, 'आजवरचे लाभार्थी' हा रकाना भरावा लागतो, वर पाच वर्षांचा आराखडा जोडावा लागतो. कंपन्यांची अडचण मी समजू शकते. सीएसआरचा पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा असेल तर त्या संस्थेला तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, असा नियमच आहे, आणि २०२१ पासून सीएसआर-१ची नोंदणीही लागते. पण हा नियम कंपन्यांसाठी आहे. हळदीच्या व्यापाऱ्याला, द्राक्ष बागायतदाराला, एखाद्या घराण्याच्या ट्रस्टला किंवा मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाला तो लागू नाही. तरीही सगळ्यांच्या टेबलावर आज एकाच छापाचा फॉर्म दिसतो.

त्या फॉर्मपुढे आपली रयत शिक्षण संस्था उभी करून बघा. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावात, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी तिची स्थापना झाली. १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, स्वतः रांधायची, एका पंगतीला बसायची. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे आले, आणि छत्रपती शाहूंचं नाव वसतिगृहाला त्यांच्या हस्ते दिलं गेलं. संस्थेची कायद्याने नोंदणी झाली ती १९३५ साली. म्हणजे गांधीजी येऊन गेले त्या दिवशी रयत ही नोंदणी नसलेली संस्था होती. तिच्याकडे तुम्ही मागता तो एकही कागद नव्हता. मुलं होती, चूल होती, आणि त्या चुलीसाठी गावोगाव फिरून धान्य मागणारा माणूस होता.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. १९३० साली त्या गेल्या. दरवर्षी जयंती-पुण्यतिथीला व्यासपीठावरून ही गोष्ट सांगितली जाते आणि सभागृह गलबलतं. मीही गलबलते. पण हिशेब लिहिणारी बाई म्हणून मला त्या गोष्टीत आणखी एक नोंद दिसते. त्या दिवशी पिठामिठाला पैसे नव्हते. इमारत नको होती, कोनशिला नको होती, मुलांच्या दुसऱ्या दिवशीच्या भाकरीला पैसे हवे होते, आणि ते घरातल्या बाईच्या गळ्यातून आले. त्या त्यागापुढे मी हात जोडते. तोच त्याग आज साताऱ्यात, जतमध्ये, आटपाडीत, माण-खटावमध्ये एखाद्या तरुण कार्यकर्त्याच्या बायकोला करावा लागू नये, एवढं आपल्या दोन जिल्ह्यांना आता परवडलं पाहिजे. तिचे दागिने गहाण पडलेले मी पाहिले आहेत. त्याच्या पावत्या संस्थेच्या फाइलीत नसतात, कारण ती रक्कम कीर्दीत 'सदस्याकडून हातउसने' म्हणून लिहावी लागते आणि ती कधीच परत जात नाही.

आणि तुम्ही मंडळी वस्तू देता. बाक, संगणक, पाण्याची टाकी, वर तुमच्या नावाची पाटी. या वस्तूंचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. पण संगणक शिकवणाऱ्या मुलीला महिना आठ हजार कोण देणार, हा प्रश्न निघाला की बैठक संपते. काही सीएसआर अधिकारी सांगतात की प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही, म्हणून पगार बसत नाहीत. कृपा करून नियम पुन्हा वाचा. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांचा थेट खर्च त्यात धरलेलाच नाही. शिकवणाऱ्या मुलीचा पगार हा अंमलबजावणीचा खर्च आहे. या एका गैरसमजापायी किती माणसं कामातून उठली असतील, याचा विचार मनात आला की फार वाईट वाटतं.

आता एका गटाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. गटाचं आणि देणगीदाराचं नाव लिहीत नाही. चार-पाच मुलं-मुली, सगळी आपल्याच जिल्ह्यातली. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या परिसरात त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या पोरांची शाळा पाच-सहा महिने तुटते. या पोरांना शिकवायचं, असं गटानं ठरवलं. अर्ज लिहिला, पैसे मंजूर झाले, कोप्यांजवळ सकाळी वर्ग भरू लागला. पंधरवड्यात लक्षात आलं की वर्गात फक्त मुलगे येतात. आठ-दहा वर्षांच्या मुली येतच नाहीत, कारण आई-बाप पहाटे चारला फडात गेले की कडेवरचं पोर मुलीकडे. मग गटानं मुकादमाशी बोलून, बायांशी बोलून, आधी पाळणाघर सुरू केलं. लहान पोरं तिथे राहू लागली आणि मुली वर्गात आल्या. माझ्या मते त्या हंगामातलं त्यांचं सगळ्यात शहाणं काम ते होतं.

देणगीदाराकडून पत्र आलं की मंजूर कामात पाळणाघर नाही, सबब दुसरा हप्ता थांबवण्यात येत आहे. शिवाय विचारलं होतं की जूनच्या पटावर किती विद्यार्थी आहेत. जूनमध्ये टोळ्या आपापल्या गावी असतात. फॉर्मच्या वर्षाचा आणि उसाच्या वर्षाचा मेळ बसत नव्हता, आणि ते समजून घ्यायला कुणी कोप्यांपर्यंत आलं नाही. गटानं उरलेला हंगाम उधारीवर काढला. पुढच्या दिवाळीत टोळ्या आल्या तेव्हा गट नव्हता. एक जण पुण्याला कंपनीत लागला, एकीचं लग्न झालं, बाकीचे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसले.

सुरुवातीच्या दिवसांत कामाचं रूप बदलतं, आणि बदललंच पाहिजे. याचा सगळ्यात मोठा दाखला याच मातीत आहे. १९४२च्या ऑगस्ट-सप्टेंबरात साताऱ्याची माणसं तिरंगा घेऊन मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे नेत होती. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं पडली. त्यानंतर कार्यकर्ते भूमिगत झाले. भूमिगत राहायचं तर गावाचा आधार हवा, आणि गावाला तर दरोडेखोरांचा जाच होता, म्हणून आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागला. मग गावातले तंटे पुढे आले, न्यायदान मंडळं बसली, तुफान सेना उभी राहिली. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार असं घडत गेलं. मोर्च्याच्या पहिल्या दिवशी कुणाच्या खिशात त्याचा पाच वर्षांचा आराखडा नव्हता. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलानं शिकवलं.

किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही पहिली दोन वर्षं विकला जात नव्हता. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणरावांना कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. औंध हे काही श्रीमंत संस्थान नव्हतं. तरी राजानं माणूस पाहून जमीन दिली. आणि नांगराचं म्हणाल तर पुढे तोच नांगर विकत गावोगाव फिरणाऱ्यांत भाऊराव पाटील होते. रयतेची गावं त्यांना त्या फिरतीतूनही कळली.

म्हसवडची माणदेशी बँक तर कालपरवाची. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यासाठी ताडपत्री घ्यायला पैसे साठवायचे होते आणि बँका तिचं खातं उघडेनात, तिथून ती कल्पना निघाली. चेतना सिन्हा आणि गावच्या बायांनी परवान्यासाठी अर्ज केला, तो रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण प्रवर्तकांत अंगठे उठवणाऱ्या बाया होत्या. बाया अक्षरं शिकल्या, परत गेल्या, आणि म्हणाल्या की व्याजाचा हिशेब घालून बघा, आम्ही तोंडी करतो. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. नकार आणि परवाना यांच्या मधल्या काळात त्या बायांना एकत्र बसवणारं, शिकवणारं, त्यांचा धीर टिकवणारं कुणीतरी रोज तिथे होतं. त्या मधल्या काळासाठी तुमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

तुमची भीती मला ठाऊक आहे. सात नावं गोळा करून, शिक्का आणि लेटरहेड करून पैसे उकळणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांच्यामुळे तुम्ही पोळला आहात. पण एक लक्षात घ्या, या मंडळींचे कागद नेहमी चोख असतात. तीन वर्षांचे ताळेबंद त्यांच्याकडे असतात, फोटो असतात, लाभार्थ्यांची यादी असते. तुमचा फॉर्म त्यांना आत घेतो आणि कोपीवर पाळणाघर चालवणारीला बाहेर ठेवतो.

पारख करायची तर दुसरीकडे बघा. संस्थेचं इतिवृत्ताचं रजिस्टर मागा आणि शांतपणे वाचा. प्रत्येक ठराव एकमतानं मंजूर झालेला असेल, अक्षर एकाच माणसाचं असेल, सह्या एकाच पेनाच्या असतील, तर सावध व्हा. 'या विषयावर बराच वाद झाला, निर्णय पुढील सभेत' अशी नोंद दिसली तर मी त्या संस्थेच्या बाजूनं झुकते. तिथे माणसं खरोखर जमतात. कीर्द रोजच्या रोज लिहिली जाते का ते बघा. अध्यक्षाच्या घरातले किती जण कार्यकारी मंडळावर आहेत ते बघा. ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांच्यातलं कुणी मंडळावर आहे का, आणि असेल तर सभेत बोलतं का, हे विचारा. आणि न कळवता एखाद्या दिवशी जाऊन बसा. एक दुपार पुरते.

सुरुवातीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट ठरते, तिच्याकडे देणगीदारांचं जवळजवळ कधीच लक्ष नसतं. यात कोण कोण मोजलं जाणार? खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण झालं. ऐंशीच्या दशकातला काळ, दुष्काळ होता, गिरण्यांच्या संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार गावात होते. मुक्ती संघर्ष चळवळीनं नदीतली वाळू ठेकेदारांना देण्याला विरोध केला आणि ती मर्यादित प्रमाणात विकून गावानं आपलं धरण बांधावं असं म्हटलं. हे सगळं मोठं आहे, पण मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की पाण्याचा वाटा प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा, हे तत्त्व त्यांनी आधीच धरलं. पाणी येऊन उभं राहिल्यावर वाटणीला बसले असते तर ज्याची जमीन त्याचं पाणी, यापलीकडे कुणी गेलं नसतं. साताऱ्याच्या बोर्डिंगातली एक पंगतही अशीच सुरुवातीपासूनची. संस्था मोठी झाल्यावर, तिच्यात पदं आणि मालमत्ता आल्यावर असे नियम घालता येत नाहीत. पहिल्या वर्षी येतात. म्हणून घटना आणि नियमावली लिहायला बसलेल्या गटाला तुम्ही त्या काळात आधार दिलात, एखादा जाणता माणूस मिळवून दिलात, तर नंतरच्या दहा लाखांपेक्षा त्याचा उपयोग जास्त. मला आजही अनेक गट भेटतात ज्यांनी घटना कुठल्या तरी दुसऱ्या संस्थेची जशीच्या तशी उतरवलेली असते, आत त्या संस्थेच्या गावाचं नावही तसंच राहिलेलं असतं.

सरकारच्या एका योजनेचं इथे चांगलं सांगितलं पाहिजे. २०२० मध्ये केंद्रानं दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना आणली, तिच्यात पहिल्या तीन वर्षांच्या व्यवस्थापन खर्चासाठी प्रत्येक कंपनीला १८ लाखांपर्यंत मदत ठेवली. नव्या संस्थेला सुरुवातीला चालवायचे पैसे लागतात, हे त्यात मान्य केलं आहे. पण मैदानी भागात किमान ३०० सभासदांची अट आली आणि काही ठिकाणी आकडा भरण्याची घाई झाली. आपण कुठल्या कंपनीचे भागधारक आहोत हे न सांगता येणारे शेतकरी मला भेटले आहेत. तुमच्याकडे सरकारसारखं उद्दिष्टाचं ओझं नाही. तुम्ही तीस खऱ्या सभासदांच्या गटाला पैसे देऊ शकता, तुम्हाला कोण अडवणार आहे?

तुमच्यापैकी तासगाव-मिरजेकडच्या बागायतदारांना वेगळं काय सांगू? खुंट लावला, कलम केलं, मांडव उभा केला, की पहिल्या वर्षी तुम्ही बागेकडे माल मागत नाही. औषध-पाण्याचा खर्च मात्र त्याच वर्षी करता, न कुरकुरता. संस्थेच्या बाबतीत तेवढंच मागते आहे.

आणि सुटायचं असेल तेव्हा सांगून सुटा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. मराठी रंगभूमीचा जन्म आपल्या गावात झाला याचा आपल्याला केवढा अभिमान आहे, दर ५ नोव्हेंबरला आपण तो दिवस साजरा करतो. पण १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि आश्रय सुटला. मंडळी गावोगाव फिरली, १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले, तगली. भाव्यांजवळ तोवर आठ वर्षांचा सराव होता, तयार नट होते. दुसऱ्या वर्षीच हात सुटला असता तर काय झालं असतं, कोण जाणे. म्हणून एकट्यानं सगळा भार घेऊ नका, आणखी दोघा-तिघांना जोडीला घ्या. थांबायचं ठरलं तर वर्षभर आधी लेखी कळवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फोन करून 'यंदा जमणार नाही' असं सांगितलं की एप्रिलचा पगार कुठून आणायचा हे त्या मुलांना कळत नाही, आणि तो प्रश्न घेऊन ती माझ्यासमोर बसतात.

मार्चअखेर आता जवळ आली आहे. तुमच्या संचालक मंडळाच्या, विश्वस्तांच्या बैठका होतील, निधी ठरतील. त्या बैठकीत एवढे चार विषय घ्यावेत. एकूण देणगीतला काही भाग तीन वर्षांहून लहान संस्थांसाठी वेगळा काढून ठेवणं. त्या भागातून पगार आणि रोजचा खर्च चालेल असा ठराव करणं. कामात बदल करायचा असेल तर संस्थेनं पत्रानं कळवावं आणि हप्ता थांबू नये, असं करारात लिहिणं. आणि ज्या कंपन्यांना तीन वर्षांचा नियम मोडता येत नाही, त्यांनी एखाद्या जुन्या, विश्वासाच्या संस्थेचा उपक्रम म्हणून नव्या गटाचं काम चालवता येईल का, हे आपल्या सल्लागाराला विचारणं.

नव्या गटांची कीर्द आणि इतिवृत्तं कशी वाचायची, हे तुमच्यापैकी कुणाला बघायचं असेल तर मी येऊन दाखवीन. सांगली, मिरज, कराड, सातारा, कुठेही. त्याचे पैसे घेणार नाही.

आपली नम्र,
लहान संस्थांचे हिशेब लिहिणारी एक बाई
सांगली